वैमानिकाचें तारतम्य

उन्हाळ्यांत सकाळीं सातच्या सुमारास जळगांवांतील एखाद्या घराच्या गच्चीवर उभें राहिलें असतां एक लहानसें विमान घरघरत डोक्यावरून जातांना बहुधा दिसतें. तें कोणास मुंबईस पोंचविण्यास निघालेलें नसतें. त्यांत दोनच माणसें असतात, एक शिकणारा व एक शिकविणारा. कधीं कधीं तर एकटा शिकणाराच असतो, आणि त्याच्या आयुष्यांतील तो प्रसंग मुंज-लग्नाहून लहान नसतो. कापूस, केळीं व भरीत यांसाठीं नांवाजलेल्या आमच्या खानदेशांत अलीकडे वैमानिकांचेंहि पीक येऊं लागलें आहे. ज्या बाँबे फ्लाइंग क्लबाची स्थापना १९२८ सालीं झाली, त्याचीं शिकाऊ विमानें आतां धुळ्याजवळील गोंदूरच्या धावपट्टीवरून उडतात. शिरपुरास विमानविद्येची एक शाळा आहे. आणि २०२१ सालीं उड्डाणशिक्षणासाठीं देशांतील जे पांच विमानतळ निवडण्यांत आले, त्यांत बेळगांव, कलबुर्गी, खजुराहो व लीलाबारी यांच्या पंक्तीस जळगांवहि बसलें.

या आवाजानें माझ्या नीतिशास्त्राच्या तासांत थोडासा व्यत्यय येतो, याहून त्याचा व माझा अधिक संबंध येईल असें मला वाटलें नव्हतें. परंतु मागें एकदां चैत्रांत आमच्या आळींतील एक निवृत्त गृहस्थ संध्याकाळीं माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा अशाच एका शाळेंत वैमानिकाचें शिक्षण घेत होता. घर गहाण टाकून त्यांनीं त्याची फी भरली होती. मुलगा एकट्यानें लांबच्या फेरीस निघाला असतां वाटेंत धुरळ्यानें आकाश भरून आलें, सातपुड्याची रेघ दिसेनाशी झाली, व तो अर्ध्या वाटेवरून परत फिरला. त्याच दिवशीं, त्याच वाटेनें, त्याचे दोन सोबती पुढें गेले व सुखरूप परत आले. त्या दिवसापासून सोबत्यांनीं मुलास एक टोपणनांव दिलें होतें, व तें कांहीं गौरवाचें नव्हतें. परीक्षा महिन्यावर आली होती.

"सर, तुम्ही आयुष्यभर मुलांना मार्क देत आलांत," ते म्हणाले. "मला एवढेंच सांगा, परत फिरणाऱ्याला किती मार्क द्यायचे असतात?"

मीं त्यांस चहा दिला व धीराचे चार शब्द सांगितले. परंतु धीराचे शब्द म्हणजे उत्तर नव्हे, हें त्यांनाहि कळलें व मलाहि. त्यानंतर मीं त्या विद्येंतील जाणत्या माणसांना विचारलें, कांहीं वाचलें, व त्या मुलाशींहि बोललों. त्यांतून जें हातीं लागलें तें येथें मांडीत आहें. कारण प्रश्न विमानाचा असला तरी विमानापुरता नाहीं.

प्रथम परीक्षा कशाची असते तें पाहूं. १९४४ सालच्या शिकागो येथील करारांतून जी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना निर्माण झाली, तिनें वैमानिकांच्या परवान्यांसाठीं नियम घालून दिले आहेत. व्यावसायिक परवाना मागणाऱ्यानें कोणते गुण दाखविले पाहिजेत याची त्यांत एक यादी आहे. विमानाच्या मर्यादा ओलांडूं नयेत. प्रत्येक क्रिया सफाईनें व अचूक करावी. शास्त्राचें ज्ञान प्रत्यक्षांत वापरावें. विमान सदैव ताब्यांत ठेवावें. धोके व चुका वेळींच ओळखून आवरावे. या कलमांबरोबरच आणखी एक कलम आहे, कीं उमेदवारानें चांगला निर्णय व 'एअरमनशिप' दाखवावी. सफाई मोजतां येते. ठरविलेल्या उंचीपासून सामान्यतः शंभर फूट वरखालीं चालतें, त्यापलीकडे गेल्यास कांटाच सांगतो. पण ही एअरमनशिप कोणत्या कांट्यावर मोजावयाची?

या शब्दास मराठींत नेमका प्रतिशब्द नाहीं. इंग्रजींत तो खलाशाच्या कसबाच्या शब्दावरून बनला आहे, आणि आपल्या कोंकणच्या तांडेलास तो गुण ठाऊक असला तरी त्यानें त्याचें शास्त्र लिहून ठेविलें नाहीं. कोणी त्यास 'वैमानिकी कौशल्य' म्हणतात. परंतु कौशल्य हा त्याचा एक भाग झाला. हात कुशल असून डोकें उतावीळ असलेला वैमानिक सर्वांत धोक्याचा, कारण त्याचें कौशल्यच त्यास नको त्या ठिकाणीं घेऊन जातें. माझ्या मतें आपल्या भाषेंतील त्याच्या सर्वांत जवळचा शब्द 'तारतम्य' हा होय. 'तर' आणि 'तम' हे संस्कृतांतील तुलनेचे प्रत्यय. त्यांवरून झालेलें तारतम्य म्हणजे अधिक काय व सर्वांत अधिक काय, हें त्या त्या क्षणीं ओळखणें. वेळेवर पोंचणें चांगलें, इंधन वांचविणें चांगलें, प्रवाशांस धक्का न बसणें चांगलें, नियम पाळणें चांगलें. पण हीं चांगलीं एकमेकांशीं भांडूं लागलीं म्हणजे कोणास पुढें बसवावयाचें व कोणास मागें, याचा निवाडा ज्याला पळभरांत करतां येतो त्याच्या अंगीं हा गुण आहे.

परीक्षक तो कसा पाहतो? जाणत्यांनीं मला सांगितलें त्यावरून मला असें दिसलें, कीं परीक्षा विमान उडण्याच्या पुष्कळ आधीं सुरू होते. उमेदवार हवामानाचा कागद वाचतो, कीं केवळ चाळतो? इंधनाचा कांटा पाहून समाधान मानतो, कीं टांकींत स्वतः डोकावतो? आमच्या वैशाखांत पारा ४३ अंशांवर गेला म्हणजे जळगांवची हवा इतकी विरळ होते, कीं जमिनीवर उभें असलेलें विमान जणुं चार हजार फूट उंचीवरच उभें असतें. त्याला धांवावयास लांब पट्टी लागते व तें वर चढतें नाखुषीनें. हा हिशेब उमेदवारानें विचारल्यावांचून केला आहे काय? पुढें आकाशांत गेल्यावर परीक्षक मधेंच काहीं तरी गप्पा काढतो, नकाशा मागतो, प्रश्न विचारतो. तो उत्तर ऐकत नसतो. वळण्यापूर्वीं मुलाची मान त्या दिशेस वळते कीं नाहीं, हें तो पाहत असतो. मग एकाएकीं इंजिनाची शक्ति कमी करून तो म्हणतो, समजा, इंजिन बंद पडलें. खालीं केळीच्या बागा वरून मऊ गादीसारख्या दिसतात, परंतु त्या गादींत दाट खांब उभे आहेत. नुकतें पाऊस पडलेलें काळ्या मातीचें शेत सपाट दिसतें, परंतु तें चाक धरून ठेवील. वाऱ्याची दिशा, विजेच्या तारा, नदीचें कोरडें पात्र, या सर्वांतून मुलगा काय निवडतो, आणि मुख्य म्हणजे निवडल्यावर त्यास चिकटून राहतो कीं दर दहा सेकंदांनीं मन बदलतो, हें परीक्षक मनांत टिपून ठेवतो.

आणि शेवटीं उतरण्याची वेळ येते. समजा, मुलगा फार उंचावरून आला, वेग जास्त झाला, पट्टी हातची निसटत आहे. अशा वेळीं ओढूनताणून विमान टेकविणाऱ्याचें उतरणें कदाचित् सुंदरहि होईल. पण जो उमेदवार आपण होऊन म्हणतो, हें जमत नाहीं, पुन्हां वर जातों, त्याचें पारडें चांगल्या परीक्षकाच्या मनांत जड होतें. इतर सर्व परीक्षांत प्रयत्न सोडणें म्हणजे नापास होणें; या परीक्षेंत वेळीं प्रयत्न सोडतां येणें हाच एक विषय आहे.

येथें नीतिशास्त्राच्या अभ्यासकास दोन शंका येतात. पहिली अशी, कीं शेजारीं परीक्षक बसला असतां कोण बेसावध राहील? तारतम्याची खरी गरज लागते ती कोणी पाहत नसतां. परीक्षा मात्र पाहिल्यावांचून होत नाहीं. तेव्हां जी वस्तु पाहिली असतां बदलते, ती पाहून कशी तपासावयाची? यावर मला मिळालेलें उत्तर असें. माणूस एक क्रिया परीक्षकासाठीं सजवूं शकतो, शंभर क्रिया सजवूं शकत नाहीं. मन दुसरीकडे गुंतलेलें असतां हात ज्या गोष्टी आपोआप करतात त्या संवयीच्या असतात, आणि संवय ही एकट्यानें घालविलेल्या तासांची साक्ष असते. आपल्याकडे व्यावसायिक परवान्यासाठीं दोनशें तासांचें उड्डाण लागतें व त्यांतले शंभर तास विमानाचा मुख्य या नात्यानें काढावे लागतात, त्याचें मर्म मला येथें दिसतें. त्या शंभर तासांत शेजारीं कोणी गुरु नसतो. ॲरिस्टॉटलनें म्हटलें आहे, कीं तरुण मनुष्य भूमितींत निष्णात होऊं शकतो, पण व्यवहारांतील शहाणपण त्यास अनुभवावांचून येत नाहीं. शंभर तास म्हणजे त्या अनुभवाचें पहिलें पान.

दुसरी शंका अधिक बोंचणारी आहे. ज्या गुणास माप नाहीं त्यावर एका माणसाच्या मतानें दुसऱ्याचें भवितव्य ठरवावें, हा न्याय आहे काय? माझ्या शेजाऱ्याचें घर गहाण आहे. परीक्षकाची मर्जी ही त्याची किल्ली असावी काय? म्हणूनच कांहीं लोक म्हणतात, मोजतां येईल तेवढेंच तपासा. परंतु केवळ कागदावर विसंबल्याचें फळहि आपण पाहिलें आहे. २०११ सालीं आपल्या देशांत खोट्या गुणपत्रिका दाखवून वैमानिकाचे परवाने मिळविल्याचीं प्रकरणें उघडकीस आलीं. कागद सर्व नियमांत बसत होता, माणूस बसत नव्हता. तेव्हां मापाच्या हट्टानें न्याय होतो असेंहि नाहीं. मधला मार्ग असा, कीं परीक्षकानें 'मला हा बेफिकीर वाटला' असें लिहूं नये. 'वळण्यापूर्वीं तीनदां त्यानें डावीकडे पाहिलें नाहीं' असें लिहावें. मत नव्हे, दिसलें तें. मग उमेदवारास तें नाकारतां येतें, दुसऱ्या परीक्षकास पडताळतां येतें. म्हणजे या परीक्षेंत परीक्षकाचेंहि तारतम्य तपासलें जातें. ज्याला आपली नावड व उमेदवाराचा दोष यांतील अंतर दिसत नाहीं, त्यानें दुसऱ्याच्या निर्णयशक्तीस गुण देऊं नयेत.

हा गुण एकदां प्रमाणपत्र मिळालें म्हणजे कायमचा पदरीं पडला, असें मात्र कोणी समजूं नये. ७ ऑगस्ट २०२० रोजीं दुबईहून आलेलें विमान भर पावसांत कोळिकोडच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीच्या पलीकडे कोसळलें. त्यांत दोन्ही वैमानिकांसह २१ माणसें गेलीं. विमानाचे मुख्य वैमानिक दीपक साठे हे मराठी कुटुंबांतले. हवाई दलांत असतांना मानाची तलवार मिळविलेले, दीर्घ अनुभवाचे व आदरास पात्र असे गृहस्थ होते. चौकशीच्या अहवालाप्रमाणें, पहिल्या खेपेस त्यांनीं उतरण्याचा प्रयत्न सोडून विमान योग्य रीतीनें वर नेलें होतें. दुसऱ्या खेपेस मात्र पाठीमागून वारा असतां, उतरण जमलेली नसतां, व सोबतीच्या वैमानिकानें पुन्हां वर जाण्याची सूचना दिली असतां विमान जवळजवळ अर्धी धावपट्टी ओलांडून टेकलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोळिकोडहूनच पुढचें विमान न्यावयाचें असल्यानें तेथेंच उतरण्याची ओढ त्यांच्या मनावर होती, असेंहि अहवालानें नमूद केलें आहे, व दोषाचा वांटा व्यवस्थेकडेहि दिला आहे. मृतांविषयीं निवाडा करण्यास मी बसलों नाहीं. मला त्यांतून एकच गोष्ट दिसते: तोच माणूस, तीच संध्याकाळ, तेंच विमान, एकदां परत फिरतां आलें, दुसऱ्यांदां आलें नाहीं. कर्तव्याची ओढ हीसुद्धां तारतम्यावर पडदा टाकूं शकते. म्हणूनच विमान कंपन्यांच्या वैमानिकांस वर्षांतून दोनदां नव्यानें कसोटीस बसावें लागतें. माझी एम्. ए.ची पदवी मात्र तीस वर्षांपूर्वीं मिळाली. ती अजून शाबूत आहे कीं नाहीं, हें मला कोणीं विचारलेलें नाहीं.

आपल्या जिल्ह्यासहि हा धडा लांबचा नाहीं. १६ जुलै २०२१ रोजीं शिरपूरहून उडालेलें एक शिकाऊ विमान चोपडें तालुक्यांत वर्डीजवळ सातपुड्याच्या पायथ्याशीं पडलें. शिक्षक जागींच गेले. शिकणारी मुलगी जखमी झाली. तेथल्या आदिवासी माणसांनीं साडीची झोळी करून तिला रानांतून बाहेर काढलें. अपघाताची कारणमीमांसा हा या लेखाचा विषय नव्हे. पण डोक्यावरून जाणाऱ्या त्या घरघरीला किती मोल लागलेलें असतें, हें आपण विसरूं नये.

आतां त्या मुलाकडे वळतों. त्याचे सोबती सुखरूप परत आले, यावरून तो चुकला असें ठरतें काय? आपण बहुतेक ठरवितों तें असेंच. निघाला आणि पोंचला तो शूर. निघाला आणि पोंचला नाहीं तो अविचारी. निघालाच नाहीं तो भित्रा. परंतु सुखरूप पोंचणें ही धुरळ्याची कृपाहि असूं शकते. ज्याचा निर्णय वाईट होता तोहि दहांतून नऊ वेळां घरीं येतो, व प्रत्येक वेळीं त्याची खात्री वाढते कीं आपला निर्णय चांगला होता. फळावरून कर्माची परीक्षा करूं नये, ही शिकवण आपण वैराग्याची म्हणून बाजूस ठेवितों. वैमानिकाच्या बाबतींत ती रोजच्या व्यवहाराची आहे. निर्णय तपासावयाचा तो त्या क्षणीं जें दिसत होतें त्यावरून, नंतर जें घडलें त्यावरून नव्हे.

याचा अर्थ परत फिरणें सदैव शहाणपणाचें, असा मात्र नाहीं. समर्थ रामदासांविषयीं आख्यायिका आहे, कीं बोहल्यावर 'सावधान' शब्द ऐकतांच ते निघून गेले. पण तो शब्द ऐकून पळालेला प्रत्येक नवरदेव कांहीं समर्थ होत नाहीं! एकच कृति विवेकांतून होते व भयांतूनहि होते, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. भेद सांपडतो तो आधींच्या व नंतरच्या वर्तनांत. म्हणून मीं मुलास बोलावून विचारलें, "तूं केव्हां ठरवलेंस परत फिरायचं?"

"उडण्याआधींच, सर," तो म्हणाला. त्यानें खिशांतून एक चुरगळलेला नकाशा काढला. वाटेंतील एका गांवाभोंवतीं पेन्सिलीनें वर्तुळ केलें होतें. "येथवर येऊन डोंगराची रेघ दिसली नाहीं तर परत, असं मीं लिहून ठेवलं होतं. नियमाप्रमाणें दिसायला हवं तेवढं दिसत होतं, अगदींच कमी नव्हतं. पण मला ती वाट नवीन होती. वर गेल्यावर मन पुढेंच ओढतं, म्हणून खालीं असतांनाच ठरवलं." मग त्यानें सांगितलें, कीं फिरतांना रेडिओवर कळविलें, इंधनाचा हिशेब पुन्हां मांडला, व ओळखीच्या खुणा धरून परत आला.

हें ऐकतांना मला माझीच एक जुनी चूक आठवली. वीसएक वर्षांपूर्वीं एका तोंडी परीक्षेंत मीं दोन विद्यार्थ्यांस गुण दिले. एकास उत्तर येत नव्हतें, तरी तो पांच मिनिटें अस्खलित बोलला. दुसरा म्हणाला, "मला हें ठाऊक नाहीं; पण अमुक ग्रंथांत पाहिल्यास सांपडेल." पहिल्यास मीं भरपूर गुण दिले व दुसऱ्यास जेमतेम. आपल्या ज्ञानाची कड कोठें आहे हें ज्याला माहीत होतें त्याला मीं कमी लेखलें, व जो त्या कडेवरून निर्धास्त पुढें गेला त्यास वर चढविलें. वर्गांत याचा परिणाम एखाद्या गुणपत्रिकेपुरता असतो. पण तीच मुलें पुढें औषध लिहून देतात, पूल बांधतात, खटल्यांचे निकाल देतात, विमानें चालवितात. 'ठाऊक नाहीं' म्हणण्यास आम्हीं शाळेंत शून्य गुण दिले, तर तें म्हणण्याचें धैर्य त्यांनीं कोठून आणावें? अमळनेरास १९१६ सालीं तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झालें. आपल्या या प्रांतांत सत्य म्हणजे काय याची चर्चा शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे. आपल्यास किती दिसत आहे हें प्रामाणिकपणें सांगणें, ही सत्याची पहिली पायरी नव्हे काय?

दुसऱ्या दिवशीं मी त्या गृहस्थांकडे गेलों व म्हणालों, "तुमच्या प्रश्नाचें उत्तर मिळालें. परत फिरण्याला मार्क नसतात. कोठून परत फिरायचं हें आधीं ठरवून, त्या जागीं फिरण्याला असतात. तुमच्या मुलानें ते मिळवले आहेत." त्यांनीं तें वाक्य दोनदां म्हणवून घेतलें, व आंत जाऊन घरांतल्या मंडळींस सांगितलें.

पुढें महिन्याभरानें त्याची परीक्षा झाली. त्या दिवशीं वळवाचा पाऊस पडून गेल्यानें आकाश धुतल्यासारखें स्वच्छ होतें, सातपुडा लख्ख दिसत होता, आणि परत फिरण्याचा प्रसंगच आला नाहीं. तो उत्तीर्ण झाला. परीक्षकानें त्यास धुरळ्याच्या दिवसाविषयीं कांहीं विचारलें नाहीं. उड्डाण संपल्यावर त्याचा नकाशा मात्र हातीं घेतला, त्यावरील पेन्सिलीचीं वर्तुळें पाहिलीं, आणि कांहीं न बोलतां परत दिला.